खिशातला फ्यूज

१

राजरत्न गेल्यापासून कौसल्याकाकूने घरातलं एकही बटण दाबलं नव्हतं.

दिवेलागण झाली की ती उंबऱ्यात बसून राही. शेजारच्या खोलीतून प्रिती येई, दिवा लावी, पंखा लावी, काकूच्या पुढ्यात चहा ठेवी. डिलाईल रोडच्या त्या चाळीत सगळ्यांना वाटलं, एकुलता एक पोरगा गेला, बाई सैरभैर झालीय. प्रितीला तसं वाटेना. सैरभैर माणूस कधी बटण दाबतं, कधी विसरतं. काकू बटणाकडे बघायचीसुद्धा नाही. विंचू बसलेल्या भिंतीपासून माणूस लांब राहतं, तशी.

प्रिती दहावीत होती. आपण नीट बोललो तर मोठी माणसं गप्प बसून ऐकतात, हा शोध तिला याच वर्षी लागला होता, आणि नवी सायकल मिळाल्यासारखी ती तो शोध दिवसभर चालवत होती. राजरत्न तिचा चुलतभाऊ. तिचा दादा. जुना गेमिंग कन्सोल उघडायचा, त्याचं प्लास्टिकचं कवच फेकून द्यायचं आणि आतला जीव नव्या देहात घालायचा, असा त्याचा छंद. या पोरांच्या भाषेत मॉडिंग. एकदा त्याने मोडक्या हार्मोनियममध्ये कॉम्प्युटर बसवला होता. काळ्या पट्ट्या दाबल्या की पडद्यावरचा माणूस उडी मारायचा आणि भात्यातून गरम हवा बाहेर पडायची. चाळीतली पोरं त्यासाठी अभ्यास बुडवायची आणि त्यांच्या आया दादाला शिव्या घालायच्या.

त्याचं शेवटचं काम म्हणजे मागपेटी. आजोबांच्या बंद पडलेल्या गिरणीतलं मागाचं लाकूड, माणसाएवढं उंच कपाट, आत कन्सोल. हातात धरायला बटणं नाहीत, मागावर इकडून तिकडे धावणारे दोन खरे धोटे. धोटा सरकवला की पडद्यावरची गाडी वळायची. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात मॉडिंगवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे ती जाणार होती. पोटमाळ्यावर जवळ प्लग नव्हता, म्हणून दादाने माळ्याच्या दिव्याच्या बटणावरूनच थेट लाईन ओढली होती. त्याच पेटीत हात घातलेला असताना तो गेला. पोलीस म्हणाले, चालू लाईनवर काम केलं. निष्काळजीपणा.

"काकू," प्रिती एका दुपारी म्हणाली, "तू बटणाला का घाबरतेस?"

काकू तांदूळ निवडत होती.

"मी मारलं गो त्याला," ती म्हणाली. "ड्यूटीवरून आले. चपला पण नाय काढल्या. रोजच्यासारखं आत हात घालून माळ्याचं बटण दाबलं. अंधारात डोळे फोडीत बसतो म्हणून. दिवा लागला, आणि वरून आवाज आला." तिने तांदळातला खडा बाहेर टाकला. "कुणाला बोलू नको. पोलिसांना पण नाय बोलले मी."

मग तिने कोपऱ्यातली पिशवी दाखवली. इस्पितळातून दिलेले दादाचे कपडे. "ते कुठे तरी देऊन टाक. माझ्याच्यान उघडवत नाय."

प्रितीने पिशवी घरी नेली आणि उघडली. शर्ट. कपाळाला बांधायची बॅटरी. पँटच्या उजव्या खिशात काहीतरी जड होतं. तिने ते बाहेर काढलं.

चिनीमातीचा, तळहातात मावणारा, आडव्या तारेचा तुकडा. फ्यूज.

२

शामराव आजोबा विणकर होते. मागाखाली शिरायचं झालं की त्यांच्या खात्यात एक रीत होती: ज्याचा हात आत, त्याच्या खिशात फ्यूज. मुकादमावर भरवसा नाही, जोडीदारावर नाही, सख्ख्या भावावरही नाही. फ्यूज खिशात असला की मागे कोणीही कितीही बटणं दाबो, माग फिरणार नाही. ही रीत त्यांनी नातवाला शिकवली होती आणि नातवाने कधी मोडली नव्हती. कामाला बसण्याआधी गॅलरीतल्या बोर्डावरून माळ्याचा फ्यूज उपटायचा, खिशात टाकायचा, कपाळाला बॅटरी बांधायची, कानात गाणी लावायची. अशा दिवशी काकू सवयीने बटण दाबायची, दिवा लागायचा नाही, आणि ती ओरडायची, "परत काढलास काय रे?" बटण पुन्हा बंद.

प्रिती धावतच काकूकडे गेली. "काकू, हे बघ. दादाच्या खिशात होता. तो विसरला नव्हता. लाईन बंद होती. तू बटण दाबून काहीच होऊ शकत नाही. तू नाही मारलंस त्याला."

काकूने फ्यूजकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून प्रिती वाट बघत राहिली. ती दिसली नाही.

"पण दिवा लागला गो," काकू म्हणाली. "माळ्यावरचा दिवा. मी वर गेले तेव्हा त्याच्याच उजेडात बघितलं ना त्याला."

प्रिती गॅलरीत गेली. लाकडी बोर्डावर चार घरांच्या फ्यूजच्या खाचा ओळीने होत्या. माळ्याच्या खाचेत फ्यूज होता. नीट, घट्ट बसवलेला.

तिने आजोबांना हाताला धरून आणलं आणि खिशातला फ्यूज दाखवला. त्यांनी तो उलटा केला. मागे हिरव्या रंगाचा ठिपका होता. "आपला हाच. हा ठिपका मी दिलाय, तुझा बाप शाळेत होता तेव्हा. तार पण माझ्याच हातची. बघ, शेपूट लांब सोडलंय. तार जळली की तेच ओढून घ्यायचं, नवी कशाला?"

"मग बोर्डात बसलाय तो कुणाचा?"

आजोबा बोर्डाकडे बघत राहिले. "तो आपला नाय," ते म्हणाले. "राजा वर असताना कुणीतरी दुसरा घातला."

३

समोरच्या रखमाआजी दिवसभर गॅलरीत बसायच्या. त्यांना विचारलं की चाळीतलं मांजर कुठे व्यायलं तेही कळायचं.

"त्या दिशी? दुपारी दौलत वायरमन येऊन बोर्डाकडे कायतरी बडबडून गेला. मग ती दादरची पोरगी आली, निळ्या केसांची. आणि तो गिरगावचा, चष्मेवाला, राजाचा दोस्त. दोघं वर गेली, भांडल्यासारखं ऐकू आलं. मग गेली."

"आधी कोण गेलं?"

"मी वाटाणे सोलीत होते गे बाय, रजिस्टर नव्हते भरीत. कौसल्या आली तेव्हा कुणी नव्हतं, एवढं खरं."

म्हणजे तिघं. प्रितीने सुरुवात जवळून केली.

दौलत दोन चाळींचा वायरमन. तोंडाने फाटका, कामाने पक्का. ती थेट लाईन ओढली म्हणून त्याचं आणि दादाचं गॅलरीत सगळ्यांसमोर वाजलं होतं.

"वाजलं होतं, मग?" तो म्हणाला. "मी बोललो, भावा, मरशील. तो बोलला, फ्यूज माझ्या खिशात असतो. त्याच्यावर मी काय बोलणार? तू काय मला आत टाकायला आलीस, शाणे?"

"नाही. हा फ्यूज बाहेर काढायला आणलंय तुला. आणि नुसता हात लावू नकोस, हातमोजे घाल."

दौलतने तिच्याकडे बघितलं, हसायचा विचार केला, मग रद्द केला. रबरी हातमोजे चढवून त्याने माळ्याच्या खाचेतला फ्यूज उपटला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे काय नटवून ठेवलंय?"

तार सरळ, ताणून बसवलेली. दोन्ही स्क्रूंभोवती एकसारखे वेढे, आणि उरलेली टोकं कापून आत दुमडलेली. बोट फिरवलं तरी कुठे टोचणार नाही.

"माझं नाय हे. आपण पिळतो, खोचतो, निघतो. एवढं सजवायला काय बारसं आहे?" मग त्याने बोर्डाच्या शेवटच्या, रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. "आणि हा तुकडा इथला आहे. सुंदराबाईच्या खोलीचा. ती गावाला गेली, खोलीला कुलूप. गेल्या आठवड्यात बघितलं तर खाच रिकामी. मला वाटलं पोरांनी खेळायला पळवला. त्या दुपारी तेच बडबडत होतो मी."

"गेल्या आठवड्यात? नक्की?"

"नक्की म्हणजे काय. दादा तेव्हा होता ना तुझा. दोघांनी मिळून शोधला."

प्रितीने मनात दिवस मोजले. फ्यूज दादा मरायच्या काही दिवस आधीच चोरीला गेला होता. गॅलरीत उभं राहून घाईत केलेलं हे काम नव्हतं. कुणीतरी तुकडा घरी नेला होता, उजेडात निवांत बसून त्यावर तार चढवली होती, टोकं कापली होती, दुमडली होती. आणि मग एका संध्याकाळी खिशात घालून आणला होता.

ती चूक नव्हती. तो खून होता.

४

कादंबरी दादरला राहायची. आर्टची विद्यार्थिनी, मशिनच्या कवचांवर रंगकाम करणारी. मागपेटीच्या दारावर तिने चित्र काढलं होतं, आणि दादाने ते खरवडून टाकलं होतं. लाकूड झाकलं जातं म्हणून.

"हो, भांडले मी त्याच्याशी," ती म्हणाली. निळ्या केसांखालचे डोळे सुजलेले होते. "शेवटचं वाक्य काय बोलले माहितीये? 'तू आणि तुझं लाकूड, दोघं जळा.' आता मी रोज ते ऐकते. तुला काय ऐकायचंय अजून?"

"वायरिंग तू करतेस?"

"मी? मला सोल्डरिंगच्या धुराची पण भीती वाटते. माझ्या मशिनमधलं सगळं आतलं काम अभिषेक करतो." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू का. अभिषेकला बाहेर डिझाईन कॉलेजमध्ये ॲडमिशन मिळालीये. मागपेटीच्या जोरावर. त्याने तिचे फोटो स्वतःचं काम म्हणून पाठवले होते. मला चुकून कळलं, मी राजरत्नला सांगितलं. पंधरा दिवस झाले असतील."

"दादा काय म्हणाला?"

"तुझा दादा कसा होता, तुला माहीत नाही? ओरडला नाही. अभिषेकला म्हणाला, प्रदर्शनात माईक हातात घेऊन तूच सांगायचंस, नाहीतर मी सांगीन. त्या संध्याकाळी पण तेच चाललं होतं. मी वैतागून आधी निघाले."

आधी निघाले. म्हणजे अभिषेक मागे राहिला होता. पण हे ती म्हणत होती. खोटंही असू शकत होतं.

"अभिषेक आता काय करतोय?" प्रितीने विचारलं.

"मागपेटी प्रदर्शनात न्यायचीये त्याला," कादंबरी म्हणाली. "राजरत्नची आठवण म्हणून."

५

गिरगावातलं अभिषेकचं घर जुनं, उंच छताचं, भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्यांचे फोटो. त्याची खोली मात्र उद्याच्या जगातली होती. काचेच्या पेट्यांमधून वायरी वाहत होत्या, प्रत्येकीला रंगीत कापडी अस्तर, प्रत्येक वळण दुसऱ्याला समांतर. वेणी घातलेल्या मुली रांगेत उभ्या असाव्यात तशा.

"ये गं," तो म्हणाला. डोळ्यांखाली काळं होतं. "जेवलीस? कौसल्यामावशी कशा आहेत?"

"काकू नीट जेवत नाही."

त्याने मान खाली घातली. टेबलावर तारेचा एक तुकडा पडला होता. बोलता बोलता त्याने तो उचलला, टोक आत वळवलं, चिमट्याने दाबलं, बाजूला ठेवला.

"हे का केलंस?" प्रितीने सहज विचारलं.

"काय? अच्छा, हे." तो थोडा हसला. "टोक बाहेर राहिलं की मला चैन पडत नाही. राजरत्न चिडवायचा. म्हणायचा, तू मेलास तरी तिरडीच्या दोऱ्या आधी नीट करशील." हसू विझलं. "मावशींना सांग, त्यांचा काही दोष नाही. कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, लाईन बंद केल्यावरही. त्यानेच झालं. त्यांनी बटण दाबलं म्हणून नाही झालं काही. तुमच्या चाळीचं वायरिंगच असं, कधी ना कधी होणारच होतं."

प्रिती उठली. "सांगते," ती म्हणाली.

जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. बटण दाबल्याचं काकूने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि ते माणूस अभिषेक नव्हतं.

६

दादाच्या जलदान विधीनंतरच्या रविवारी अभिषेक मागपेटी न्यायला टेम्पो घेऊन आला. खोलीत बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. काकू भिंतीला टेकून, आजोबा खाटेवर, दारात दौलत. आणि खुर्चीत एक पोलीस बसलेला बघून अभिषेक उंबऱ्यातच थांबला. दादाची केस बघितलेले सब-इन्स्पेक्टर राणे अँटॉप हिलच्या पोलीस वसाहतीतून सुटीच्या दिवशी आले होते. शाळकरी पोरगी फोनवर "साहेब, चहाला या, येताना पुराव्याची पिशवी आणा" म्हणते तेव्हा माणूस रागावतो किंवा येतो. राणे आधी रागावले आणि मग आले.

"बस ना अभिदादा," प्रिती म्हणाली. "चहा घे. मी साहेबांना एक गोष्ट सांगत होते, तूही ऐक."

तो बसला. त्याच्या पुढ्यात चहाचा कप होता, आणि कपाशेजारी, काहीच नसल्यासारखा, दौलतने बांधलेला एक फ्यूज. तार वेडीवाकडी, एक टोक मिशीसारखं बाहेर आलेलं.

"दादाच्या खिशात माळ्याचा फ्यूज होता, तरी माळ्यावर दिवा लागला," प्रिती बोलू लागली.   "म्हणजे बोर्डात दुसरा फ्यूज होता. तो कुणी घातला? ज्याला माहीत होतं की सुंदराबाईची खाच वापरात नाही. ज्याला माहीत होतं की दादा कानात गाणी लावतो, खाली कोण आलं गेलं त्याला कळत नाही. दौलतकाकाला हे दोन्ही माहीत होतं. पण दौलतकाका तार पिळून खोचतो, आणि तो फ्यूज बसून, जीव लावून केलेला आहे. कादंबरी वायरला हात लावत नाही. तिच्या मशिनचं आतलं काम दुसराच कुणी करतो."

"प्रिती, हे काय चाललंय?" अभिषेक म्हणाला.

"अजून एक. नुसत्या फ्यूज घातल्याने माणूस मरत नाही, तेव्हा बटण बंदच होतं. ते दाबणारं कुणीतरी हवं. मारणाऱ्याने ते कामही दुसऱ्यावर सोपवलं. काकू ड्यूटीवरून आली की चपला काढायच्या आधी काय करते, हे त्याने रोज बघितलं होतं. तो तेव्हा घरी, त्याच्या खोलीत बसला असेल. आणि इथे एका आईने स्वतःच्या हाताने."

तिने वाक्य तिथेच सोडलं.  मग आजोबा हळूच म्हणाले, "साहेब, त्याच्या हाताकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. अभिषेकची नजर प्रितीवर होती. त्याची बोटं मात्र टेबलावर आपलं काम करत होती. दौलतच्या फ्यूजची तार त्यांनी सरळ केली होती. बाहेर आलेलं टोक आत वळवलं होतं आणि आता नखाने ते हळूहळू दाबून बसवत होती. बोट फिरवलं तरी टोचू नये असं.

त्याने खाली पाहिलं. आपल्याच हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

राणेंनी पुराव्याच्या पिशवीतला, बोर्डातून निघालेला फ्यूज त्याच्या शेजारी ठेवला. सांगायची गरज नव्हती. दोन्ही सख्खे भाऊ दिसत होते. "चिनीमातीवर बोटांचे ठसे छान उमटतात," ते म्हणाले. "उद्या तेही बघू."

"तो माईकवर सांगणार होता," अभिषेक म्हणाला. आवाज अगदी साधा होता, एखाद्या बिघाडाचं कारण सांगावं तसा. "घरी माझ्या... आमच्या घरात असं कधी कुणाचं झालं नाही. मला वाटलं, मावशी एखाद दिवशी बटण दाबणारही नाहीत. मी त्यांच्यावर सोडलं होतं."

आता काकू पहिल्यांदा बोलली. "माझ्या हातचा चहा पीत बघत होतास ना रे रोज?" ती म्हणाली. "साखर पण तुला कमी लागायची. ध्यानात ठेवलं होतं मी."

 राणेंनी अभिषेकच्या खांद्यावर हात ठेवला. पुढ्यातला चहा तसाच राहिला.

७

मागपेटी प्रदर्शनात गेली नाही. कादंबरी विचारायला आली होती, काकू नाही म्हणाली. रागाने नव्हे. "त्याने केलं ते इथेच असू दे थोडे दिवस," एवढंच.

दौलतने माळ्याची लाईन नव्याने ओढली आणि या वेळी पैशांचं नाव काढलं तर हात तोडीन असं वर बजावलं. संध्याकाळी सगळी गॅलरीत जमली. काकू ड्यूटीवरून आली. तिने चपला काढल्या. एका बाजूला नीट ठेवल्या. मग कमरेचा बटवा सोडून त्यातून हिरव्या ठिपक्याचा फ्यूज काढला, बोर्डाच्या खाचेत घातला आणि अंगठ्याने दाबून बसवला.

दाराशी येऊन तिने बटणावर हात ठेवला. तो तसाच राहिला.

"प्रिती," ती म्हणाली, "वर जाऊन बघ गो. आत कुणी नाय ना?"

माळ्यावर कोणी नव्हतं, हे खाली सगळ्यांना माहीत होतं. तरी प्रिती शिडी चढली. अंधारात मागपेटी उभी होती, दार बंद, दोन्ही धोटे जागच्या जागी. दादाचं स्टूल होतं. त्याच्या कानात घालायच्या वायरी खिळ्याला टांगलेल्या होत्या. ती पुढे गेली, कोपऱ्यात पाहिलं, पेटीच्या मागे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. सगळीकडे.

"नाही, काकू," ती वरून म्हणाली. "कुणी नाही."

मग दिवा लागला.